पवित्रा आणि टोला : महाड-पोलादपूर परिसरातील शस्त्रविद्येच्या आधारे एक विचार

महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास म्हणजे ठरावांचा आणि निकालांचा इतिहास, अशी आपणा अभ्यासकांची एक सवय होऊन गेली आहे. सी. के. बोले यांनी मुंबई कायदेकौन्सिलात १९२३ मध्ये मांडलेला ठराव, त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने तळे सर्वांस खुले केल्याचा १९२४ चा ठराव, २० मार्च १९२७ चा सत्याग्रह, त्याच वर्षाच्या २५ डिसेंबरची दुसरी परिषद आणि शेवटी मुंबई उच्च न्यायालयाचा १७ मार्च १९३७ चा निकाल, अशी ती मालिका आहे. तिचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि त्या दिवशी तळ्याच्या पायऱ्या उतरून जी माणसे पाण्यापर्यंत गेली, त्यांच्या शरीरांस काय काय अवगत होते, हा प्रश्न कोणत्याही दप्तरात सापडत नाही, आणि म्हणूनच बहुधा तो कोणी विचारलेला नाही.

प्रस्तुत लेखकास हा प्रश्न सुचला तो मात्र अगदीच वेगळ्या ठिकाणी, गोल्फ या खेळावरील काही पुस्तके चाळीत असता. महाड आणि गोल्फ यांची सांगड प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटेल. वाचकांनी थोडा धीर धरावा, एवढीच विनंती आहे.

गोल्फमध्ये स्थिर असलेला एक लहानसा चेंडू लांब दांड्याच्या काठीने टोलवावयाचा असतो. चेंडूचे वजन नियमाने जास्तीत जास्त सुमारे ४६ ग्रॅम. काठीचे टोक व चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो. उत्तम व्यावसायिक खेळाडूच्या काठीचे टोक त्या क्षणी ताशी १८० किलोमीटरांच्या आसपास वेगाने जात असते. हा वेग येतो कोठून? नवशिक्याचे उत्तर ठरलेले असते : दंडातून, मनगटातून. म्हणून तो खांदे आवळतो, मूठ घट्ट करतो आणि सर्व जोर हातात आणून टोला हाणतो. चेंडू थोडे अंतर जाऊन वाकडा पडतो.

जाणत्या खेळाडूचे शरीर निराळ्या क्रमाने चालते. उजव्या हाताचा खेळाडू काठी मागे नेत असता त्याचा भार उजव्या पायाच्या आतल्या बाजूवर येतो. कंबर सुमारे ४५ अंशांतून फिरते, खांदे त्याच्या दुप्पट, म्हणजे जवळजवळ ९० अंशांतून, फिरतात. कंबर व खांदे यांच्यामधील या फरकाने धडास पीळ बसतो. आता खरी गोष्ट. काठी खाली आणताना पहिली हालचाल हातांची नसते. डावी टाच जमिनीत रुतते, भार डाव्या पायाकडे सरकतो, डावा खुबा बाजूस सरकून मागे वळू लागतो, आणि हात अजून वरच असतात. कंबरेमागून धड, धडामागून दंड, दंडामागून मनगट आणि सर्वांत शेवटी काठी असा तो वेग वर वर चढत जातो. यात एक बारकावा असा, की प्रत्येक खालचा अवयव आपला वेग वरच्यास देऊन स्वतः मंदावतो. गुराख्याच्या आसुडाचा दांडा थबकतो तेव्हाच त्याचे टोक कडाडते, त्यातलाच हा प्रकार होय. जमिनीस पायाने जितके रेटावे तितकीच जमीन उलट रेटते, आणि या खेळातील बळाचा उगम त्या रेट्यात आहे. मांड्या, नितंब व पाठ यांचे स्नायू शरीरात सर्वांत मोठे आहेत. मनगटाच्या लहान स्नायूंकडून ते काम कधीही व्हावयाचे नाही.

खेळाडूंना हे पूर्वीपासून अंगवळणी पडलेले असले पाहिजे. स्कॉटलंडमध्ये हा खेळ निदान १४५७ पासून आहे, कारण त्या वर्षी तेथील पार्लमेंटाने त्यावर बंदी घातल्याचा लेख आहे. तेव्हापासून इतक्या पिढ्या चेंडू दूर जात आले ते निव्वळ मनगटावर खास नव्हे. परंतु छापील विद्येत ही गोष्ट फार उशिरा स्वच्छपणे आली. जुन्या ग्रंथांचा मुख्य भर मूठ कशी धरावी, चेंडूवरील दृष्टी कशी ढळू देऊ नये, हात कसे न्यावेत यांवर असे. यास साधनांचेही कारण होते. हिकरीच्या लाकडी दांड्यास वेगात पीळ पडे, आणि तो पीळ हातांनी सावरावा लागे. पोलादी दांड्यास १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत आणि १९२९ मध्ये ब्रिटनमध्ये मान्यता मिळाली, तशी हातांची ती कसरत अनावश्यक ठरू लागली. १९४५ मध्ये लागोपाठ ११ स्पर्धा जिंकणारा बायरन नेल्सन हा या नव्या दांड्यास अनुरूप असा, पायांच्या रेट्यावर आधारलेला टोला बसविणाऱ्यांत अग्रेसर मानला जातो. बेन होगन याने १९५७ च्या आपल्या पुस्तकात काठी खाली आणण्याचा आरंभ कंबरेने करावा, असे निःसंदिग्धपणे सांगितले. १९६८ मध्ये कॉक्रन व स्टॉब्स यांचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला आणि पाय व कंबर हेच या क्रियेचे यंत्र आहे, ही गोष्ट मोजमापाने सिद्ध झाली. म्हणजे पाच शतके पायांस जे ठाऊक होते ते कागदावर यावयास विसावे शतक अर्धे सरावे लागले.

येथे महाडचा संबंध येतो. सावित्रीच्या खोऱ्यातील महाड आणि पोलादपूर हा मुलूख एका बाजूस रायगड व दुसऱ्या बाजूस प्रतापगड यांच्या कुशीत वसला आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढू लागले, की प्रतापगडाकडे जाणारी वाट फुटते. पोलादपूरजवळचे उमरठ हे तानाजी मालुसऱ्याचे गाव, आणि तेथे त्याची समाधी आहे. पुरंदरच्या वेढ्यात १६६५ मध्ये दिलेरखानाच्या फौजेशी झुंजत पडलेला मुरारबाजी देशपांडे हाही मूळचा महाडकडचाच. प्रतापगडाखाली १० नोव्हेंबर १६५९ रोजी सय्यद बंडाचा हत्यारासह हात जिवा महालाने तोडला, असे बखरी सांगतात. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण त्या प्रसंगाची. या मंडळींच्या नावाशी लोकांच्या मनात निगडित झालेले शस्त्र म्हणजे पट्टा. मुरारबाजीचे दोन्ही हातांत पट्टे असलेले पुतळे आणि चित्रे आपण पाहतो. ती उत्तरकालीन आहेत, आणि त्यांच्यावरून त्या दिवशीच्या झुंजीचा तपशील सिद्ध करू जाणे योग्य होणार नाही. तथापि पट्टा हे मराठी मुलखातील प्रमुख शस्त्रांपैकी एक होते, याबद्दल वाद नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये त्यास राज्यशस्त्र म्हणून घोषित केले.

आता या शस्त्राची घडण नीट पाहिली पाहिजे, कारण माझ्या प्रतिपादनाचा सारा आधार तिच्यावर आहे. तलवारीची मूठ उघडी असते. मनगट मोकळे राहते आणि तलवारीच्या कित्येक हातांत मनगटाचा खेळ हाच मुख्य असतो. पट्ट्याचे तसे नाही. त्याचे पाते लांब, सरळ, पातळ व लवचिक, आणि मूठ लोखंडी खोबळ्याच्या आत आडवी बसविलेली. हा खोबळा पंजा, मनगट आणि कोपराखालचा हात झाकून टाकतो. शत्रूच्या घावापासून हाताचे रक्षण हा त्याचा उघड हेतू. परंतु त्याचा दुसरा परिणाम असा होतो, की मनगट जखडले जाते. पाते आणि पुढचा हात यांची मिळून एकच ताठ कांब होते. मनगटाने पाते वळविता येत नाही, झटका देता येत नाही, अर्ध्यावर दिशा बदलता येत नाही. मग पट्टा चालविणाऱ्याने काय करावे? त्याने खांद्याने चालवावा, असे कोणी म्हणेल. एवढ्या लांब पात्यास नुसत्या खांद्याने फेकणारा माणूस लवकरच थकेल, आणि शिवाय प्रत्येक वारानंतर उघडा पडेल. राहिला एकच मार्ग : कंबर फिरवावी, आणि कंबर फिरावी म्हणून पाऊल फिरवावे.

रायगडावर ६ जूनला राज्याभिषेकदिनाच्या उत्सवात मर्दानी खेळांची प्रात्यक्षिके होतात. तेथे ज्यांनी जाणता पट्टेकरी लक्षपूर्वक पाहिला असेल त्यांना हे वेगळे सांगावयास नको. प्रेक्षकांची नजर पात्याच्या लखलखाटावर खिळलेली असते. ती क्षणभर खाली वळवावी. गुडघे किंचित वाकलेले, टाच हलकी, भार चवड्यावर. पाऊल पडते आणि वार पोचतो तो एकाच क्षणी. उलट फिरण्यापूर्वी मागचा पाय जमिनीवर पिळला जातो, मग खुबा वळतो, मग छाती, आणि हात अखेरीस येतो. जमिनीवर ठेवलेले लिंबू पट्ट्याने कापावयाचे असेल तर तो हात खाली नेत नाही. तो गुडघ्यात बसतो, आणि कंबर खाली आली की पाते आपोआप त्या पातळीस येते. तळहातावरील लिंबू कापताना तर पुढच्या माणसाची बोटे या कंबरेच्या भरवशावर असतात. नवशिक्या पोराचे हातच फिरतात आणि पाय जमिनीस खिळून राहतात. वस्ताद ओरडतो तो बहुधा पायांवरून.

मनगट जखडले असताही पात्याच्या टोकास वेग देण्याची ही युक्ती, गोल्फच्या टोल्याचा जो मूळ नियम त्याचेच शुद्ध रूप होय, असे मला वाटते. गोल्फमध्ये साखळीची शेवटची कडी म्हणून मनगट शिल्लक असते, आणि ते शिल्लक असल्यामुळेच शिकणारा फसतो, कारण त्यास वाटते की बळ तेथेच आहे. पट्ट्याने ही भूल पडण्याची सोयच ठेवली नाही. खोबळा हे संरक्षणाचे साधन आहे तसे ते शिक्षणाचेही साधन ठरले.

भाषेची साक्ष या बाबतीत विचारात घेण्याजोगी आहे. ‘पटाईत’ हा शब्द आज आपण कोणत्याही कामात निष्णात असलेल्या माणसास लावतो. पट्टा चालविण्यात निपुण, हा त्याचा मूळ अर्थ. शस्त्रविद्येत उभे राहण्याच्या आणि पावले टाकण्याच्या रीतीस ‘पवित्रा’ म्हणतात. हिंदीतील ‘पैंतरा’ हा शब्द तर पायाशी आपले नाते उघडच सांगतो. आज वर्तमानपत्रांत मंत्री पवित्रा घेतात, तो शब्द आखाड्यातून आलेला आहे, हे वाचणाऱ्यांच्या ध्यानातही येत नाही. निर्धार करणारा मराठी माणूस कंबर कसतो, टिकून राहणारा पाय रोवतो, भिणाऱ्याच्या पायांखालची वाळू सरकते. मुठी आवळणे आपल्याकडे आहे, पण ते बहुधा रागाचे लक्षण, बळाचे नव्हे. म्हणींवरून आणि वाक्प्रचारांवरून इतिहास रचणे धोक्याचे असते, हे मी विसरलेलो नाही. परंतु ज्या विद्येचे ग्रंथ विरळ, तिचा माग अशा शब्दांतच घ्यावा लागतो.

या साम्यावरून कोणी गोल्फचा उगम मावळ्यांत शोधू लागेल, तर त्यास आताच थांबविले पाहिजे. तसा कोणताही संबंध नाही. आपल्याकडील शेतकरी पिकावरची पाखरे उडविण्यास गोफण वापरतो, आणि गोफणीचा दगडही कंबरेच्या फेऱ्यातूनच सुटतो. पण गोफण व गोल्फ यांतील नामसादृश्यावरून व्युत्पत्ती जुळविण्याचा मोह जसा हास्यास्पद, तसाच हाही. मानवी सांगाडा सर्वत्र एकच आहे. लांब वस्तूच्या टोकास वेग द्यावयाचा झाला, की निरनिराळ्या देशांतील माणसे एकाच उपायाशी येऊन ठेपतात. भेदही लक्षात ठेवले पाहिजेत. गोल्फच्या खेळाडूपुढे चेंडू निश्चल असतो. तो एकदाच टोला देतो आणि काठी खांद्यामागे जाऊन विसावली तरी त्यास भय नाही. पट्टेकऱ्याभोवती माणसे असतात. त्याचा प्रत्येक वार पुढच्या वाराची तयारी असावा लागतो, म्हणून त्याच्या पावलांस विसावा नाही.

एका देवाणघेवाणीचा मात्र निश्चित पुरावा आहे, आणि ती मोठी बोधप्रद आहे. मुद्गल किंवा जोडी फिरविण्याचा आपल्याकडील व्यायाम हिंदुस्थानातील इंग्रज लष्करी लोकांनी पाहिला, उचलला आणि मायदेशी नेला. डोनाल्ड वॉकर याच्या १८३४ च्या इंग्रजी व्यायामपुस्तकात तो आला. पुढे १८६६ मध्ये सिम केहो याने अमेरिकेत त्यावर स्वतंत्र पुस्तकच काढले. युरोप-अमेरिकेतील शाळा व पलटणी यांतून तो खूप लोकप्रिय झाला. परंतु आपल्या तालमीतला गडी जोडी फिरवितो तो पाय फाकवून, गुडघे सैल सोडून, कंबरेने तोल सावरीत. विलायती कवायतीत टाचा जुळलेल्या, छाती पुढे, शरीर शिपायासारखे ताठ, आणि फिरतात ते केवळ हात. मुद्गलही हलके झाले. हातांच्या आकृत्या बारकाईने उतरून घेतल्या गेल्या, पाय मात्र समुद्र ओलांडताना मागे राहिले. पुढे हीच हलकी कवायत शाळाखात्यामार्फत आपल्या मुलांकडे परत आली, हा दैवदुर्विलास म्हणावयाचा! पुस्तकात जे चटकन दिसते ते हात, आणि जे शेजारी उभे राहून वर्षानुवर्षे पाहिल्याशिवाय कळत नाही ते पाय. गोल्फच्या छापील विद्येत जे घडले तेच येथेही घडले.

मराठीत या विद्येची नोंद करण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न बडोद्यास झाला. द. चिं. मुजुमदार यांनी संपादिलेल्या व्यायाम-ज्ञानकोशाचे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळात निघाले. हे काम अजोड आहे. तरीही ज्ञानकोशाच्या आधी कित्येक पिढ्या ही विद्या ज्यांच्या अंगात होती, त्यांपैकी बहुतेकांस अक्षरओळख नव्हती. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने धारदार शस्त्र सामान्य माणसाच्या घरातून गेले. उरली लाठी, बोथाटी, फरी-गदगा, आणि उत्सवातले खेळ.

आणि उरले रोजचे काम. महाड-पोलादपूरच्या उतारावर भातशेती करणाऱ्या कुणब्याची झोडणी पाहावी. भाताची पेंढी दोन्ही हातांनी डोक्यावरून मागे जाते, शरीराचा भार मागच्या पायावर येतो, आणि पुढचा पाय रोवला गेला की कंबर मोडून पेंढी फळीवर आदळते. दिवसभर केवळ दंडांनी झोडणारा माणूस दुपारपर्यंत बसेल. राबासाठी फांद्या तोडणारा कातकरी, लाकडे फोडणारा महार, धुणे आपटणारा परीट, या सर्वांचे शरीर तोच नियम पाळते. कुस्तीतल्या एका डावास ‘धोबीपछाड’ म्हणतात. प्रतिस्पर्ध्यास आपल्या खुब्यावर घेऊन उलथविण्याचा तो डाव, आणि त्याचे नाव नदीकाठच्या श्रमावरून पडले आहे. नाव ठेवणाऱ्याने परटाची कंबर नीट पाहिली होती. जिवा महाला परंपरेने न्हावी समाजातला मानला जातो. शस्त्रविद्या ही अमुक एका जातीची मिरास होती, हे मत या उदाहरणांपुढे टिकणारे नाही. तिचे श्रेय कोणास मिळाले हा प्रश्न मात्र निराळा आहे.

महारांच्या बाबतीत तो प्रश्न अधिकच तीव्र होतो. गावकामगार या नात्याने हातातील काठी ही त्यांच्या कामाची खूण होती. वेशीची राखण, सरकारी भरण्याबरोबर जाणे, निरोप घेऊन रात्री-अपरात्री धावणे, हे सारे त्यांच्या वाट्याचे. कंपनी सरकारच्या मुंबई पलटणीत ते मोठ्या संख्येने दाखल झाले. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत त्यांचा भाग सर्वश्रुत आहे. पलटणीने त्यांच्या पायांस कवायत दिली आणि हातांस बंदूक. संगिनीचा हल्ला ही तर सर्वस्वी पायांची क्रिया होय. पुढचे पाऊल आणि मागच्या टाचेचा रेटा यांवाचून संगीन चालतच नाही. कोकणच्या या पट्ट्यात निवृत्त महार शिपाई व सुभेदार यांची कुटुंबे ठिकठिकाणी वसली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर त्यांपैकीच. ते १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त झाले. १८९० नंतर सरकारने लढाऊ जातींचा नवा सिद्धांत स्वीकारला आणि महारांची भरती बंद पाडली, तेव्हा तिच्या विरोधात १८९४ मध्ये अर्ज सिद्ध करणारेही तेच. ज्यांच्या शरीरांनी तीन पिढ्या लढाई शिकली ती शरीरे लढाऊ नव्हेत, असे कागदाने ठरविले. पहिल्या महायुद्धात गरज पडताच १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली, आणि गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडली. महार रेजिमेंट उभी राहण्यास १९४१ साल उजाडावे लागले.

याच काळात गोल्फ या प्रांतात स्थिरावत होता. मुंबईत इंग्रजांचा गोल्फ क्लब १८४२ इतका जुना. हिंदी लोकांस प्रवेश देणारा विलिंग्डन क्लब १९१८ चा, आणि चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा, म्हणजे चवदार तळ्याच्याच वर्षाचा. हा निव्वळ योगायोग आहे, त्यावर काही उभारावयाचे नाही. मात्र या हिरवळींवर काठ्यांच्या पिशव्या वाहणारी कॅडी पोरे गरिबांची असत, आणि खेळ शिकावयाची त्यांची रीत एकच होती : साहेबाच्या मागे उभे राहून त्याचे पाय पाहणे. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला हिंदी व्यावसायिक अली शेर हा दिल्लीचा मूळचा कॅडीच. क्रिकेटमध्ये पाळवणकर बाळू याने पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखण्याची नोकरी करता करता साहेबांना गोलंदाजी केली. चेंडू टाकण्यास त्याचा हात चाले, बॅट मात्र त्या हातात दिली जात नसे. तोच बाळू १९११ मध्ये हिंदी संघाबरोबर इंग्लंडला गेला आणि शंभरावर बळी घेऊन आला. शिकण्याची जागा आणि उभे राहण्याची जागा या दोन्हींवर कोणाचा तरी ताबा असतो, हे खेळाच्या इतिहासात पदोपदी दिसते. आज पुण्याचा उदयन माने ऑलिंपिकमध्ये गोल्फ खेळून येतो, हे २०२१ चे चित्र त्या मानाने फार निराळे आहे.

आता पुन्हा तळ्याकडे. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडास भरलेल्या परिषदेला आजूबाजूच्या जिल्ह्यांतून काही हजार माणसे आली होती. त्यांत पलटणींतून निवृत्त झालेले, महायुद्ध पाहिलेले अनेक होते. दुसऱ्या दिवशी मिरवणूक शिस्तीने तळ्यावर गेली. डॉ. आंबेडकर पायऱ्या उतरले व त्यांनी पाण्याची ओंजळ घेतली, आणि मागोमाग इतर उतरले. नंतर वीरेश्वराच्या देवळात हे लोक शिरणार अशी हूल उठली, आणि मांडवात जेवत असलेल्या व घराकडे परतू लागलेल्या प्रतिनिधींवर लाठ्यांनी हल्ला झाला.

या हल्ल्याची जी वर्णने उपलब्ध आहेत त्यांत डोकी फुटल्याचे, बायका-मुले सुटली नसल्याचे सांगितलेले आहे. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. बसलेल्या, पंक्तीत जेवणाऱ्या माणसाच्या पायांस पवित्रा घेता येत नाही. मारणाऱ्यांनी तीच वेळ साधली. पण सरकारी बंगल्यावर आंबेडकरांभोवती जे जमले ते उभे होते. त्यांत बंदूक आणि संगीन चालविलेले शिपाई होते, संख्येने ते थोडे नव्हते, आणि उलट तुटून पडण्याच्या हुकुमाची ते वाट पाहत होते. आंबेडकरांनी शांत राहण्यास सांगितले. ते शांत राहिले.

लष्करी इतिहासकारास वार नोंदविता येतो. न केलेला वार नोंदविण्याचे साधन त्याच्याजवळ नाही. त्या दुपारी बंगल्याच्या आवारात पाय जमिनीत रोवून किती माणसे उभी होती, कोणाच्या हातात काठी होती, कोणाचा भार आधीच मागच्या पायावर गेला होता, हे लिहून ठेवण्यासारखे आहे असे कोणास वाटले नाही. पट्ट्याचा वस्ताद पोरास पाऊल टाकावयास शिकवितो तसे ते आवरावयासही शिकवितो, आणि दुसरे अधिक कठीण असते. कंबरेत भरलेला पीळ सोडून न देता जिरविणे, यास स्नायू कमी लागत नाहीत.

पुढे काही हल्लेखोरांना शिक्षा झाल्या. तळे १०८ घागरी पंचगव्याने शुद्ध करून घेण्यात आले. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा लोक जमले तेव्हा न्यायालयाचा मनाईहुकूम आडवा आलेला होता, आणि मिरवणूक तळ्याभोवती फिरून परत गेली, पायऱ्या न उतरता. उच्च न्यायालयाचा निकाल लागून त्या पायऱ्या कायद्याने मोकळ्या होण्यास आणखी नऊ वर्षे आणि काही महिने लागले.